परक्या उन्हातली शर्यत



२२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत झाली. हवा गार होती आणि पावसाची झिमझिम चालू होती. पावणेत्रेचाळीस किलोमीटरांच्या त्या लांब वाटेवर बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले धावत होते. आदल्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे आपले धावपटू सर दोराबजी टाटांच्या दृष्टीस पडले आणि त्यातूनच भारताचा संघ बोटीने युरोपात गेला, ही हकीकत आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत, एकोणिसावे आले.

एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते, त्यामुळे इतिहासात त्याची नोंद एका ओळीपुरतीच होते. परंतु मला त्या क्रमांकापेक्षा त्या पावसाचेच कुतूहल अधिक वाटते. समुद्र ओलांडून गेलेला हा दख्खनचा माणूस त्या गारठ्यात कसा धावला असेल? मग वाटते, बेळगावचा श्रावण ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हा प्रश्न पडायचा नाही. दिवसेंदिवस न थांबणारी ती बारीक झड, चिखलाने जड झालेले रस्ते, अंगाला चिकटलेले कपडे, हे सारे चौगुल्यांच्या ओळखीचेच असणार. माणूस घरापासून दूर जातो तेव्हा घरचे ऊन, घरचा पाऊस आणि घरचे वारे आपल्या अंगातून घेऊनच जातो. परमुलखात तेच ऊन भेटले तर त्याचे भाग्य, आणि वेगळे भेटले तर शर्यत सुरू होण्यापूर्वीच निम्मी हरलेली असते.

आज ज्या शर्यतीविषयी बोलावयाचे आहे तिच्यात ही गोष्ट जितकी ठळकपणे दिसते तितकी दुसऱ्या कोणत्याही खेळात दिसत नाही. तिचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहावयाचे, पाण्याबाहेर येऊन लगेच सायकलवर बसावयाचे आणि सायकल ठेवून लगेच धावावयाचे. तिन्हींची मिळून एकच वेळ मोजली जाते, आणि ओले अंग पुसण्यात किंवा बुटांचे बंद बांधण्यात गेलेले क्षणही तीत धरले जातात. कुस्तीगीर परदेशी गेला तरी आखाडा सर्वत्र सारख्याच मापाचा असतो, आणि पोहण्याच्या तलावातील पाणी कोठेही गेलात तरी ठरावीक उष्णतेचे. ट्रायथलॉन मात्र उघड्या समुद्रात किंवा सरोवरात आणि गावच्या रस्त्यावर होते. तेथे प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत आणखी एक प्रतिस्पर्धी न बोलता उभा असतो. तो म्हणजे ते गाव.

हा खेळ फार जुना नाही. पोहणे, सायकल आणि धावणे या तिघांना ट्रायथलॉन या नावाखाली एकत्र आणणारी पहिली आधुनिक शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरी, मिशन बे या खाडीवर झाली. जॅक जॉनस्टन आणि डॉन शॅनहन या तेथील धावण्याच्या क्लबातील दोघा सभासदांनी ती भरविली. त्या दिवशी क्रम आजच्या उलट होता: धावणे आधी आणि पोहणे शेवटी. कामावरून सुटल्यावर संध्याकाळी सुरू झालेली ही शर्यत संपता संपता अंधार पडला, आणि शेवटच्या मंडळींना पाण्यातून वाट दिसावी म्हणून किनाऱ्यावर मोटारींचे दिवे लावावे लागले. थकलेल्या माणसाला अंधारात पाण्यात सोडणे शहाणपणाचे नाही, हे कोणालाही उमगण्यासारखे होते. आज पोहणे सर्वांत आधी असते त्यामागचे कारणही हेच: दमलेला धावपटू बसतो, पण दमलेला पोहणारा बुडतो.

त्या दिवशीच्या मंडळींत जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी हे दांपत्य होते. कॉलिन्स अमेरिकी नौदलात अधिकारी होते. पुढे त्यांची बदली हवाई बेटांवर झाली. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जवळजवळ ४,००० किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागराच्या मध्यावर असलेल्या या बेटांवर जो तो कोठून तरी आलेला. १९७७ साली ओआहू बेटावर धावण्याच्या एका सांघिक शर्यतीचा बक्षीससमारंभ होता, आणि तेथे नेहमीचा वाद रंगला: अधिक तंदुरुस्त कोण, धावणारा की पोहणारा? कॉलिन्स म्हणाले, बेल्जमचा सायकलपटू एडी मर्क्स याच्या छातीत सर्वांहून अधिक प्राणवायू मावतो असे वाचले आहे, तेव्हा सायकलवाल्यांनाही यात घ्या. मग त्यांनी बेटावरच्या तीन शर्यती एकापुढे एक जोडल्या. वैकीकीच्या समुद्रातील २.४ मैल पोहणे, बेटाला सायकलवरून प्रदक्षिणा आणि होनोलुलूची मॅरेथॉन. प्रदक्षिणा ११५ मैलांची होती, पण पोहणे जेथे संपते तेथून निघून मॅरेथॉन जेथे सुरू होते तेथे पोहोचावयाचे तर तीन मैल कमी करणे सोयीचे पडे, म्हणून ती ११२ मैलांची झाली. जो पहिला येईल त्याला लोहपुरुष म्हणू, असे त्यांनी जाहीर केले. आयर्नमॅन हे नाव तेथून आले.

येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे अंतर आज फ्रँकफुर्टला आणि जगातील कितीतरी गावी जसेच्या तसे मोजले जाते. एखाद्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत बसून हे आकडे काढले असावेत असे वाटते. वस्तुतः त्यातील सायकलीचा आकडा म्हणजे एका बेटाचा घेर, वजा सोयीचे तीन मैल. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमधील विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातील राजघराण्याच्या सज्जापर्यंतची वाट. म्हणजे माणूस स्वित्झर्लंडमध्ये उतरला तरी त्याला ओआहूची प्रदक्षिणा घालावी लागते आणि विंडसरहून लंडनलाही जावे लागते. परमुलूख या खेळाच्या मोजपट्टीतच बसलेला आहे.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन शर्यत झाली. पंधरा जण निघाले आणि बारा जण पोहोचले. ज्याने त्याने आपापले पाणी, खाणे आणि मदतीला माणसे आणावयाची होती. पहिला आलेला गॉर्डन हॅलर याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. दुसरा जॉन डनबर. त्याच्या सोबत्यांकडचे पाणी धावण्याच्या टप्प्यात संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. तरीही तो दुसरा आला, ही गोष्ट मद्यपानाच्या समर्थनार्थ सांगण्यात येते. मला तीत एवढेच दिसते की पाण्याची तजवीज हीदेखील शर्यतीचाच भाग आहे, हे अजून कोणाला नीटसे कळलेले नव्हते. कॉलिन्स स्वतः जवळपास सतरा तासांनी पोहोचले.

दुसऱ्या वर्षी वादळी हवेमुळे शर्यत एक दिवस पुढे गेली आणि पुन्हा पंधराच जण निघाले. त्यांत बॉस्टनची लिन लमेअर ही एकटी स्त्री होती, आणि ती सर्वांत मिळून पाचवी आली. त्या वर्षी गोल्फच्या बातमीसाठी हवाईला गेलेल्या एका क्रीडापत्रकाराने या वेड्या शर्यतीवर दहा पानी लेख लिहिला. पुढच्या वर्षी शंभरावर माणसे हजर झाली आणि सोबत दूरचित्रवाणीचे कॅमेरेही आले. होनोलुलूच्या गजबजलेल्या रस्त्यांवर हे जमेना, तेव्हा १९८१ मध्ये व्हॅलरी सिल्क यांनी ही शर्यत हवाई नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटावरील कैलुआ-कोना या गावी नेली.

कोना हे गाव नकाशावर बोटाने दाखवावे लागेल एवढेच आहे. परंतु या खेळात त्याला जे स्थान आहे ते मल्लविद्येत कोल्हापूरला आहे. गावाबाहेर राणी काअहुमानूच्या नावाचा हमरस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस ज्वालामुखीतून ओघळून थिजलेला काळा दगड मैलोगणती पसरलेला. झाड नाही, सावली नाही. दगड दिवसभर तापतो आणि ती ऊब खालून परत अंगावर येते. डोंगरांच्या मधल्या खिंडीतून घसरत येणारे वारे बेटाच्या उत्तर टोकाकडे जाताना सायकलीला कडेने धक्के देतात. स्थानिक लोक त्यांना मुमुकू म्हणतात. समुद्र उबदार असतो, म्हणून थंड पाण्यातील पोहणाऱ्याला तरंगत ठेवणारा रबरी पोशाख येथे चालत नाही. ज्याचा सारा सराव त्या पोशाखात झालेला असतो तो पहिल्याच टप्प्यात बुजतो.

या रस्त्यावर ६ फेब्रुवारी १९८२ रोजी जे घडले त्यामुळे या खेळाला जगाने ओळखले. जूली मॉस ही तेवीस वर्षांची कॅलिफोर्नियाची विद्यार्थिनी. व्यायामाच्या शरीरशास्त्रावर तिला प्रबंध लिहावयाचा होता, आणि त्याकरिता आपल्याच शरीरावर प्रयोग करावा म्हणून ती या शर्यतीत उतरली. जिंकण्याची आकांक्षा धरण्याएवढी तिची तयारीही नव्हती. परंतु सायकलचा टप्पा संपला, धावणे सुरू झाले, आणि स्त्रियांत आपण सर्वांत पुढे आहोत हे तिच्या ध्यानात आले. मग मात्र प्रयोग बाजूला राहिला.

स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो अशा परिश्रमांत काही तासांतच सरतो. वाटेत खाऊन-पिऊन तो भरत राहावे लागते, आणि उन्हात पोटाला तेच नकोसे होते. साठा संपला की पाय ऐकेनासे होतात, पाठोपाठ डोकेही. शेवट जवळ आल्यावर जूलीचे असेच झाले. ती पडली, उठली, चालू लागली, पुन्हा पडली. अंधार पडला होता आणि शेवटची रेषा समोर दिसत होती. तेवढ्यात मागून कॅथलीन मॅकार्टनी आली आणि तिला ओलांडून गेली. गर्दीत आणि कॅमेऱ्यांच्या झोतात आपण पहिल्या आलो हे मॅकार्टनीला लगेच उमगलेही नाही. जूली हातांपायांवर रांगत रेषेकडे गेली आणि रेषेपलीकडे हात टाकून तशीच पडून राहिली. दोघींत अंतर होते २९ सेकंदांचे.

हे दृश्य अमेरिकेत घरोघरी पाहिले गेले आणि हजारो माणसांनी ठरविले की आपणही हे करावयाचे. पहिला कोण आला याहून पोहोचला कोण याला या खेळात जे महत्त्व आले ते त्या रांगण्यापासून. ते बरेच झाले असे मी म्हणेन, कारण मध्यरात्रीपर्यंत, सतराव्या तासाच्या शेवटापर्यंत, शेवटच्या माणसासाठी लोक थांबून राहतात असे खेळ जगात फार नाहीत. पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. जिच्या हातून त्या दिवशी चूक झाली नाही, जिने आपली शक्ती बेताने खर्चली आणि जी खरोखर जिंकली, त्या मॅकार्टनीचे नाव आज खेळाबाहेरच्या कोणाला विचारून पाहा. पराभवात काव्य असते आणि बेतशीर धावण्यात ते नसते, यात तिचा काय अपराध?

ज्या शर्यतीने मॅरेथॉनला तिचे अंतर दिले त्याच शर्यतीत, १९०८ साली, असाच एक माणूस पडला होता. इटलीचा दोरांदो पिएत्री लंडनच्या मैदानात सर्वांच्या आधी शिरला, पण भान हरपून उलट दिशेने वळला आणि पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी धरून उठविले, तो रेषेपलीकडे पोहोचला, आणि परक्या हातांची मदत घेतली म्हणून बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा यांनी त्याला चषक दिला, पण पदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. जूलीला कोणी हात लावला नाही, म्हणून तिचा दुसरा क्रमांक तिचा राहिला. नियमाची ही रेघ किती बारीक असते!

ती रेघ पुन्हा एकदा पुसट झाली ती १८ सप्टेंबर २०१६ रोजी, मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर. अ‍ॅलिस्टर आणि जॉनी ब्राउनली हे इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील भाऊ. गारठा, चढणी आणि पाऊस यांत ते तयार झाले. महिन्यापूर्वीच रिओच्या ऑलिंपिकमध्ये थोरल्याने सुवर्ण आणि धाकट्याने रौप्य पटकाविले होते. कोझुमेलला वर्षभराच्या जागतिक मालिकेची अखेरची शर्यत होती, आणि जॉनी पुढे होता. शेवटच्या काही शे मीटरांत दमट उन्हाने त्याला गाठले. तो झोकांड्या खाऊ लागला, रस्त्याच्या कडेला गेला. मागून आलेल्या अ‍ॅलिस्टरने त्याचा हात आपल्या मानेवर घेतला आणि त्याला ओढत शेवटापर्यंत आणले. दक्षिण आफ्रिकेचा हेन्री स्कूमन त्यांना ओलांडून पहिला आला. रेषेजवळ थोरल्याने धाकट्याला आपल्यापुढे ढकलले, त्यामुळे तो दुसरा. वर्षाचे अजिंक्यपद चार गुणांनी स्पेनच्या मारिओ मोलाकडे गेले. पिएत्रीला जे भोवले ते येथे भोवले नाही आणि निकाल कायम राहिला. जगाने बंधुप्रेमाचे गोडवे गाईले. थोरला मात्र वैतागून म्हणाला की याने जरा बेताने धावायला हवे होते. मला त्या वैतागात बंधुप्रेम अधिक दिसते. उन्हाळा असा असतो हे यॉर्कशायरमध्ये बसून ठाऊक होते, पण ते अंगाला ठाऊक नव्हते.

आता या ठाऊक होण्याचा इतिहास. कोनाची शर्यत आधी फेब्रुवारीत होत असे. ज्यांच्या गावी तेव्हा बर्फ पडलेले असे त्यांनी सराव करावयाचा कधी आणि कोठे? म्हणून १९८२ मध्येच ऑक्टोबरात दुसरी शर्यत घेतली गेली आणि पुढे तोच महिना ठरला. थंड मुलखातील माणसाला उन्हाळाभर सराव मिळावा हा हेतू होता. दूरच्या पाहुण्यांसाठी शर्यतीने आपले पंचांग बदलले, असे म्हटले तरी चालेल. तरीही कोना लवकर वश झाले नाही. १९८३ मध्ये कॅनडाच्या सिल्व्हियान प्युंतूने स्त्रियांत बाजी मारली, अमेरिकेबाहेरच्या कोणी जिंकण्याची ती पहिली वेळ. पुरुषांत ऑस्ट्रेलियाचा ग्रेग वेल्च १९९४ मध्ये जिंकला. युरोपातल्या पुरुषाला १९९६ उजाडावे लागले, तेव्हा बेल्जमचा ल्यूक फान लिर्दे विजयी झाला. खुद्द कॅलिफोर्नियाचा मार्क अ‍ॅलन, जूलीचे ते रांगणे दूरचित्रवाणीवर पाहून या खेळाकडे वळलेला, कोनाला सहा वेळा जाऊन सहाही वेळा हरला. १९८९ मध्ये, सातव्या खेपेस, तो डेव्ह स्कॉटबरोबर जवळजवळ सारा दिवस खांद्याला खांदा लावून गेला आणि ५८ सेकंदांनी जिंकला. त्यानंतर तो तेथे आणखी पाच वेळा जिंकला.

परके ऊन अंगी लागते ते कसे, हे शरीरशास्त्राने आता पुष्कळसे उलगडले आहे. उष्ण जागी रोज तास-दीड तास श्रम केले, तर साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. म्हणजे शरीर त्या गावचे होऊ लागते. पण ज्याची रजाच आठ दिवसांची असते त्याला हे शास्त्र काय कामाचे! त्याशिवाय झोपेचा प्रश्न. कोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तेथे सकाळी सातच्या सुमारास शर्यत सुरू होते, तेव्हा आपल्याकडून गेलेल्या माणसाच्या शरीरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि ते अंथरूण शोधत असते. दर तासाच्या फरकाला सुमारे एक दिवस सवय होण्यास लागतो, असा ठोकताळा आहे.

आणि सायकल! पेडल काढून, हँडल वळवून, चाके सोडवून ती पेटीत भरावी लागते. परक्या विमानतळावर पेटी येईतो जीव थाऱ्यावर नसतो. आल्यावर एखादा स्क्रू हरवलेला, एखादी तार वाकलेली. ज्याने हे केले आहे त्याला विचारा, शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला वारा-लाटांपेक्षा स्क्रूचीच स्वप्ने पडतात. पिण्याचाही हिशेब आहे. तहान लागते म्हणून नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील मीठ विरळ होते, डोके दुखते, भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. कोरडे पडणे वाईट हे सर्वांना कळते. पाणी अधिक होणेही वाईट, हे कळायला वेळ लागला.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तेथे अंतर पुष्कळ कमी असते: दीड किलोमीटर पोहणे, चाळीस सायकल, दहा धावणे. पुरुषांत कॅनडाचा सायमन व्हिटफील्ड सायकलीवरून पडूनही उठला आणि शेवटच्या पल्ल्यात जर्मनीच्या स्टेफान वुकोविचला मागे टाकून पहिला आला. सर्वांना आश्चर्य वाटले. पण या गृहस्थाचे वडील मूळचे ऑस्ट्रेलियाचे आणि त्याचे काही शिक्षणही सिडनीच्याच शाळेत झालेले, हे कळल्यावर आश्चर्य थोडे ओसरते. जगाच्या दृष्टीने तो परदेशी आला होता. त्याच्या पायांना ते गाव ओळखीचे होते.

२०२१ मध्ये टोकियोला उन्हाच्या भीतीने शर्यती सकाळी साडेसहाला ठेवल्या. पुरुषांच्या शर्यतीत प्रारंभीच एक नाव मध्ये आडवी आली, निम्मेशिम्मे पाण्यात उतरले आणि बाकीचे काठावरच अडकले, म्हणून सर्वांना परत बोलवावे लागले. जिंकला तो नॉर्वेचा क्रिस्तियान ब्लुमेनफेल्ट, बर्गेन शहरचा. युरोपात पावसाबद्दल प्रसिद्ध असलेले असे ते गाव! पण या चमूने घरीच तापविलेल्या जागेत सराव केला होता आणि शरीराच्या आतील उष्णता मोजून मोजून श्रमांचे प्रमाण बसविले होते. टोकियोचे ऊन त्यांनी आधीच घरी आणून ठेवले होते. तरीही रेषा ओलांडल्यावर ब्लुमेनफेल्ट कोसळला आणि त्याला चाकांच्या खुर्चीतून न्यावे लागले.

स्त्रियांत बर्म्युडाची फ्लोरा डफी पहिली आली. बर्म्युडाची वस्ती पासष्ट हजारांच्या आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्या बेटाचे हे पहिले सुवर्णपदक. बीजिंगला २००८ मध्ये तिने शर्यत अर्ध्यावर सोडली होती, लंडनला ती पंचेचाळिसावी आली, रिओला आठवी. तेरा वर्षे ऑलिंपिकचे पदक तिला घरापासून दूर, दुसऱ्यांच्या गावी हुलकावणी देत राहिले.  मग टोकियो.

आपल्याकडची माणसे आता या वाटेवर पुष्कळ दिसतात. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर ज्यूरिकची पूर्ण अंतराची शर्यत सव्वापंधरा तासांहून थोड्या अधिक वेळात पुरी केली. ते एके काळचे राष्ट्रीय पोहणारे, तेव्हा पाणी त्यांना नवे नव्हते. पण सर्वांचे तसे नसते. आपल्याकडे पोहणे शिकावयाचे ते पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून, विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात. विहिरीत पुढे जाण्यापेक्षा वर राहण्याचीच विद्या येते. आल्प्सच्या पायथ्याच्या सरोवरात उतरल्यावर थंडीने छाती आवळते, श्वास तुटतो, रबरी पोशाख गळ्याशी काचतो. कोनाला युरोपीय माणूस उन्हाने बुजतो, तसे आपण युरोपात पाण्याने बुजतो.

मग २० ऑक्टोबर २०१९ रोजी ही शर्यत प्रथमच भारतात आली, ती गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. अर्ध्या अंतराची: समुद्रात १.९ किलोमीटर, सायकलवर ९०, धावणे २१.१. पावसाळा नुकता सरलेला, हवेत ओल तशीच. पठारावरच्या मंडळींना वाटावे की आता परदेश नाही, विमान नाही, सायकलची पेटी नाही, भाषाही समजते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, आणि तेथून पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येते. पण घाट उतरला की घाम वाळत नाही. पठारावर तो वाऱ्याने उडून जातो आणि अंग निवते. किनाऱ्यावर तो नुसता ओघळत राहतो आणि अंग तापतच जाते. सायकल ठेवून धावायला निघालेल्या माणसाला मिरामारच्या रस्त्यावर पहिल्या दोन किलोमीटरांतच हा फरक कळतो, आणि पुढची एकोणीस किलोमीटरे अजून बाकी असतात.